मोहरी, मका आणि चेंडूफळी

घरून निघताना मनुष्य काय काय पाहावयाचे याची यादी करून निघतो, आणि परत आल्यावर ट्रंक उघडावी तो यादीबाहेरचेच काहीतरी तिच्यात सापडते. माझे तसेच झाले. २०२४ च्या जुलै महिन्यात, आमच्या कोकणात पावसाने नुसती दाणादाण उडविली असता, मी माझ्या दादाकडे अमेरिकेत शिकागो शहरी गेलो होतो. दादा तेथे पुष्कळ वर्षांपासून राहतो. आम्ही दोघेही याच शाळेचे जुने विद्यार्थी. दादा शाळेच्या क्रिकेट संघात यष्टिरक्षक होता. मी त्याच संघाचा पाणक्या होतो, म्हणजे घागर आणि तांब्या घेऊन सीमेवर उभा राहणारा. ही गोष्ट येथे जाता जाता सांगितली आहे, परंतु पुढे तिचे काम पडणार आहे.

दादाने माझ्यासाठी एक विलक्षण बेत आखून ठेविला होता. "मोठमोठी शहरे आणि उंच इमारती तू चित्रांत पाहिल्याच आहेस," तो म्हणाला, "आपण मोटारीने हिंडू. जेथे जे पिकते ते तेथे खाऊ, चमत्कारिक संग्रहालये पाहू, आणि वाटेत बेसबॉल पाहू." बरोबर दादाचा अकरा वर्षांचा नातू होता. तो मला 'धाकटे आजोबा' म्हणतो. त्याचे मराठी मोडके आहे; पण बेसबॉलविषयी त्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक करून घेण्यासारखे नसावे, असे त्याच्याशी बोलताना वाटते. वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे गोड लोणचे बांधून दिले. "जेथे जे पिकते ते खा," त्या म्हणाल्या, "आणि जेथे काहीच पिकत नाही तेथे हे खा." एकंदर सुमारे १,२०० मैलांची फेरी झाली, आणि वहिनींचा डबा दुसऱ्या दिवशीच संपला.

आमचे आजोबा क्रिकेटला अखेरपर्यंत चेंडूफळी म्हणत असत. बेसबॉल हीही एक प्रकारची चेंडूफळीच होय. ज्या मुलाला क्रिकेट समजते त्याला हा खेळ समजावयास अर्धा तास पुरे. दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी, आणि नऊ डाव. चेंडू टाकणारा चेंडूचा टप्पा पडू देत नाही. तो थेट फेकतो. मारणारा गोल दांडक्याने मारतो आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांपैकी जितके गाठता येतील तितके गाठतो. चारही कोपरे फिरून घरी आला की एक धाव. तीन चुका झाल्या की गडी बाद. आमच्याकडील मुलांस विशेष वाटेल ते असे की, मारणाऱ्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा गडी संपूर्ण खेळाचा सूत्रधार असतो. कोणता चेंडू टाकावयाचा हे तो बोटांच्या खुणांनी सांगतो. दादाला हा खेळ का आवडला, ते माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

पहिला सामना आम्ही शिकागोमध्येच रिग्ली फील्डवर पाहिला. हे मैदान १९१४ सालचे. मैदानाच्या कडेची विटांची भिंत वेलींनी पूर्ण झाकलेली आहे. हे वेल १९३७ मध्ये लाविले. चेंडू वेलीत अडकून नाहीसा झाला तर मारणाऱ्यास दोन कोपरे मिळतात, असा तेथला नियम आहे. कुंपणापलीकडे भोपळ्याच्या वेलात चेंडू गेला म्हणजे आम्ही जो नियम करीत असू तो याहून फारसा निराळा नव्हता. येथे दिवे १९८८ पर्यंत नव्हते. तोपर्यंत सारे सामने उन्हातच होत. येथल्या संघाने १९०८ नंतर एकदम २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळविले. एकशे आठ वर्षे लोकांनी वाट पाहिली, आणि वाट पाहताना मैदान भरत राहिले.

येथे सामना पाहताना खावयाचा पदार्थ म्हणजे हॉट डॉग. खसखस लावलेला मऊ पाव, आत सॉसेज, त्यावर पिवळी मोहरी, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडीचे लोणचे, छोट्या हिरव्या मिरच्या आणि वर सेलरीचे मीठ. टोमॅटोचे केचप मात्र त्यावर घालावयाचे नाही. तसे करणाऱ्याकडे शिकागोकर ज्या नजरेने पाहतात ती नजर मी पाहिली आहे, कारण मी ते मागितले होते. मी गोमांस खात नसल्यामुळे सॉसेज वगळून बाकी सारे घालावे, अशी विनंती केली. विकणारा मनुष्य क्षणभर थांबला, मग त्याने मिरच्या दुप्पट घातल्या. पाव, कांदा आणि मिरची! मी मनात म्हटले, हा तर वड्याविना वडापाव झाला.

तेथून नव्वद मैलांवर मिलवॉकी हे शहर आहे. शुक्रवार होता, आणि विस्कॉन्सिन प्रांतात शुक्रवारी संध्याकाळी तळलेली मासळी खाण्याची जुनी चाल आहे. जर्मनी आणि पोलंड या देशांतून आलेले कॅथलिक लोक शुक्रवारी मांस वर्ज्य करीत; मोठी सरोवरे जवळ असल्यामुळे मासळी मुबलक; आणि १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती तेव्हा गुत्त्यांच्या मालकांनी गिऱ्हाईक टिकविण्यासाठी मासळी वाढण्यास सुरुवात केली, असे तिचे मूळ सांगतात. बरोबर राय नावाच्या धान्याचा काळसर पाव, कोबीची कोशिंबीर आणि बटाट्याची धिरडी. मासळी चांगली होती. तिरफळ नव्हते, कोकम नव्हते, तरीही चांगली होती. याहून मोठी स्तुती कोकणी मनुष्याकडून होणे नाही. तेथेच ताज्या चीजचे पांढरे तुकडे मिळाले. ते अगदी ताजे असले म्हणजे दाताखाली किर्र असे वाजतात. एकदोन दिवस गेले की तो आवाज जातो. नातवाने प्रत्येक तुकडा माझ्या कानाशी येऊन चावला.

मिलवॉकीचे मैदान २००१ साली उघडले. त्याचे छप्पर पंख्यासारखे उघडते आणि मिटते. आमच्या गावच्या मैदानास असे एक मिळते तर जूनमध्येही सामने घेता आले असते. सहाव्या डावाच्या मध्ये तेथे पाच मोठाली सॉसेजे धावण्याची शर्यत लावतात. म्हणजे सॉसेजच्या आकाराचे सोंग घेतलेली पाच माणसे धावतात. पोक्त माणसे उभी राहून आपापल्या सॉसेजचा जयजयकार करीत होती. मीही केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिडलटन या गावी मोहरीचे संग्रहालय पाहण्यास गेलो. होय, मोहरीचे! या संग्रहालयाची जन्मकथा अशी आहे. १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यात बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत बॉस्टनचा संघ जिंकण्याच्या अगदी बेतात आला होता. सहाव्या सामन्यात एक सोपा, घरंगळत येणारा चेंडू बिल बकनर नावाच्या खेळाडूच्या पायांमधून निघून गेला आणि सामना हातचा गेला. पाठोपाठ मालिकाही गेली. वास्तविक चेंडू निसटण्यापूर्वीच बरोबरी झालेली होती, आणि सातवा सामना बाकी होता; पण लोकांनी दोष त्या एकट्याला दिला. त्या मालिकेतील पराभवाने व्याकूळ झालेले बॅरी लेव्हन्सन नावाचे एक गृहस्थ, विस्कॉन्सिन सरकारचे वकील, झोप येईना म्हणून रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात भटकत राहिले, आणि मोहरीच्या बाटल्यांपुढे उभे असता त्यांच्या मनाने घेतले की आपण या गोळा कराव्यात. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बाजू मांडताना त्यांच्या खिशात मोहरीची एक लहानशी बाटली होती. १९९२ मध्ये त्यांनी वकिली सोडून संग्रहालय उघडले. आज तेथे सत्तरांहून अधिक देशांच्या मिळून सहा हजारांवर मोहऱ्या काचेमागे मांडलेल्या आहेत.

तेथे चव घेऊन पाहण्याची सोय आहे. मी गोड, तिखट, मधातली, द्राक्षरसातली अशी बारा-तेरा प्रकारची मोहरी चाखली. एक जिभेवर ठेवताच झिणझिणी थेट टाळूतून मस्तकात गेली, डोळ्यांत पाणी आले, आणि मला आमच्या आजीचा पाटा आठवला. मोहरी फेसणे हे आजीचे काम असे. फेसलेली मोहरी नाकात गेली की घरभर शिंका सुरू होत. दादाचेही डोळे पाणावले होते. "आजी," तो म्हणाला. मीही "आजी" म्हणालो. नातवास वाटले, ते त्या बाटलीचे नाव आहे.

मोटारीत बसल्यावर दादा म्हणाला, "काय गंमत आहे पाहा. एक चेंडू पायांमधून गेला आणि त्याचे संग्रहालय झाले." मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

आयोवा प्रांतात शिरल्यावर दोन्ही हातांस मका आणि फक्त मका. डायर्सव्हिल या गावाजवळ एका शेतात १९८९ च्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या प्रसिद्ध चित्रपटासाठी मका काढून बेसबॉलचे मैदान केले होते. चित्रपट संपला, मैदान राहिले, आणि लोक येत राहिले. २०२१ मध्ये तर बाजूलाच खास मैदान बांधून खराखुरा मोठा सामनाही झाला. कथा अशी की, मृत झालेले जुने खेळाडू मक्यातून चालत बाहेर येतात आणि खेळतात. आम्ही तिघांनी तेथे चेंडू फेकाफेकी केली. रस्त्याच्या कडेस एका शेतकऱ्याकडून कणसे घेतली. तेथे ती उकडून लोण्यात बुडवून खातात. मीठ, लिंबू आणि तिखट लावावयास कोणीतरी त्यांना शिकविले पाहिजे.

परतताना नातवाने विचारले, "सिनेमातले मक्यातून येणारे सगळे प्लेअर गोरे का आहेत?" दादा म्हणाला, "कारण १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत घेतच नव्हते. उद्या कॅन्सस सिटीला दाखवतो."

कॅन्सस सिटीत अठरावा रस्ता आणि व्हाइन रस्ता जेथे मिळतात तेथे निग्रो लीगचे संग्रहालय आहे. ते १९९० साली स्थापन झाले. याच शहरी, १९२० मध्ये, रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय खेळाडू-व्यवस्थापकाने वाय. एम. सी. ए. च्या इमारतीत इतर संघचालकांना जमवून काळ्या खेळाडूंची पहिली टिकाऊ लीग उभी केली. दोन दिवसांपूर्वी रिग्ली फील्डवर दिवे १९८८ मध्ये आले हे कौतुकाने ऐकले होते. येथे कळले की कॅन्सस सिटी मोनार्क्स हा संघ १९३० मध्येच वाहनांवर दिवे लादून गावोगाव रात्रीचे सामने खेळत होता.

आमची ही सहल मोटारीची. त्यांचा तर सारा जन्मच बसमध्ये गेला. मात्र आम्ही कोठेही थांबलो, कोठेही जेवलो. त्यांना खाणावळीत बसू देत नसत. मागल्या दाराने पुडके मिळाले तर ते बसमध्ये बसून खावयाचे, नाही तर उपाशी. बक ओनील नावाचे मोनार्क्सचे खेळाडू १९४५ मधील एक गोष्ट सांगत असत. बस पेट्रोलसाठी थांबली. जॅकी रॉबिन्सन त्या वर्षी संघात नवा होता. तो शौचगृहाकडे निघाला, तेव्हा मालकाने अडविले. रॉबिन्सन म्हणाला, मग नळी टाकीतून बाहेर काढा. एवढ्या मोठ्या बसचे पेट्रोल दररोज खपत नसते. मालकाने वाट मोकळी केली. ओनील म्हणत, आम्ही इतकी वर्षे तेथे थांबत होतो आणि हे कोणालाच सुचले नव्हते. हाच रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मोठ्या संघातून खेळला. जॉश गिब्सन, ज्याच्यासारखा मारणारा झाला नाही असे म्हणत, त्याच वर्षीच्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी वारला होता. आम्ही गेलो त्याच्या दोनच महिने आधी, २०२४ च्या मे महिन्यात, निग्रो लीगचे आकडे मोठ्या लीगच्या आकड्यांत मिळविण्यात आले, आणि .३७२ या सरासरीने गिब्सनचे नाव सर्वांच्या वर गेले. वर्तमानपत्रात मी ते वाचले होते; तेथे, त्याच्या पुतळ्यापुढे, ते निराळे वाटले.

या संग्रहालयाची रचना अशी आहे की, आत शिरताच एक लहानसे मैदान दिसते आणि त्यावर थोर खेळाडूंचे कांस्याचे पुतळे आपापल्या जागी उभे दिसतात. परंतु मध्ये तारेची जाळी आहे. तुम्ही पाहू शकता, जाऊ शकत नाही. सारा इतिहास फिरून पाहिल्यावर अखेरीस मैदानात पाय टाकता येतो. नातू धावत पुढे गेला. दादा जाळीपाशी थांबला, त्याने तारेत बोटे अडकविली, आणि मला म्हणाला, "आपला डावखुरा आठवतो?"

मी त्याचे नाव येथे लिहीत नाही. तो दादाच्या वर्गात, दादाच्याच बाकावर बसे. १९७५ च्या सुमारास शाळेच्या संघात त्याच्यासारखा फिरकी टाकणारा नव्हता. त्याचा चेंडू कोणीकडे वळणार हे यष्टीमागे एकट्या दादाला कळे. सुटीत सराव आमच्या घरासमोरच्या खळ्यात चाले. खेळ संपला की दादा आणि इतर मुले पायऱ्या चढून माजघरात जात आणि माठातले पाणी पीत. तो पायरीखाली उभा राही. मी तांब्या आणून वरून धार धरी, आणि तो ओंजळीने पीत असे. तांब्या त्याच्या हाताला लागू द्यावयाचा नाही, हे आजीने सांगितले होते. मी ते काम नेमाने केले. एक थेंबही सांडत नसे, याचा मला अभिमान होता.

"आजी सांगे म्हणून," मी म्हणालो.

"आजीने एकदा सांगितले," दादा म्हणाला. "तू रोज ओतीत होतास. आणि मी वरून बघत होतो. त्याचा चेंडू माझ्या हातात यायचा, त्याचे मला काही वाटत नसे."

नातू परत येऊन ऐकत उभा होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. त्याने इतकेच विचारले, "त्याच्याकडे कप नव्हता का?"

दादाने त्याला बाळू पालवणकरांची गोष्ट सांगितली. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात साहेब लोकांच्या क्लबात मैदानाची निगा राखी आणि त्यांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. नातवाने सारे लक्षपूर्वक ऐकले. "पण तुमच्या फ्रेंडकडे कप नव्हता का?" त्याने पुन्हा विचारले. पालवणकरांची गोष्ट सांगणे सोपे होते.

दुपारी आम्ही तेथील प्रसिद्ध धुरावर भाजलेले मांस खावयास गेलो. हेन्री पेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी शतकापूर्वी लाकडाच्या मंद आगीवर भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकण्यास प्रारंभ केला, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या लोकांनी या शहराची ख्याती केली. मी कोंबडी घेतली. तिला धुराचा इतका खोल वास होता की आमच्याकडील चुलीवरच्या सुक्या मासळीची आठवण झाली. लांब रांगेत सर्व वर्णांची माणसे ताटे घेऊन उभी होती आणि जागा मिळेल तेथे बसत होती. दादाने फारसे खाल्ले नाही. उठताना त्याने संग्रहालयातून घेतलेला बेसबॉलचा एक चेंडू माझ्यापुढे ठेविला आणि म्हणाला, "हा तू घेऊन जा. मला टपालाने पाठवायचा नाही."

ऑगस्टमध्ये मी गावी परतलो. तो आता एस. टी. तून निवृत्त होऊन वरच्या वाडीत मुलाकडे राहतो, असे कळले. मी भर पावसात गेलो. लहानपणी मी त्याला अरे-तुरे करीत असे. त्या दिवशी तोंडातून 'तुम्ही' निघाले, आणि तो हसला. "या मास्तर," तो म्हणाला, "छत्री आतच आणा." त्याने मला घरात खुर्चीवर बसविले. सुनेने स्टीलच्या पेल्यात पाणी आणून माझ्या हातात दिले. मी जे बोलावयाचे ठरवून गेलो होतो त्यातले निम्मे बोललो, तेही नीट नाही. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. "तेव्हाचं सगळं आठवतं मला," एवढेच तो म्हणाला. मी पिशवीतून चेंडू काढून दिला.

त्याने तो डाव्या हातात घेतला. बोटे आपोआप शिवण शोधू लागली. क्रिकेटच्या चेंडूची शिवण मधून सरळ जाते. याची नागमोडी फिरते. त्याने तो दोनतीनदा उलटसुलट केला, हातात तोलून पाहिला.

"हलका आहे आपल्यापेक्षा," तो म्हणाला. "शिवणही भलतीकडेच नेली आहे. पण वळेल. यष्टीमागे कोण आहे?"

"दादा येणार आहे डिसेंबरात," मी म्हणालो.

"मग येऊ दे त्याला," असे म्हणून त्याने चेंडू खिडकीच्या फळीवर ठेविला, आणि सुनेला आणखी एक पेला पाणी आणावयास सांगितले.